अजून काही सांगायचं राहिलंय का?

ताई,

आज तेरा दिवस झाले. तेरावं वगैरे काही केलं नाही. तुला ते आवडलं नसतं आणि इथे इंगोलश्टाटमध्ये मला जमलंही नसतं. मेधानं तुझ्या आवडीची वाटली डाळ केली, ईरानं ती न कुरकुरता खाल्ली, आणि जेवणं झाल्यावर दोघी मायलेकी नदीवर फिरायला गेल्या. मला एकट्याला बसू द्यावं असं त्यांचं आपसात ठरलं असावं. म्हणून हे लिहितोय.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल रोज काहीतरी येतंय. तू शांतिदूत होतीस, तेजस्वी तारा होतीस, कुणा अबलांची वाणी होतीस. तू वाचलं असतंस तर चष्मा वर करून म्हणाली असतीस, "शिऱ्या, कोण गेलं रे?" तेच तारे, तेच दिवे, खाली दोन जोडलेले हात. मीही सगळ्यांना उलटे हात जोडतोय. दुसरं काय करणार.

खरं म्हणजे मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. हॉस्पिटलातली ती दुपार. तुला मॉर्फिन चालू होतं आणि तू मधूनमधून तिकडे जाऊन येत होतीस, तुझ्या त्या मोहिमेच्या देशात. कुणाशी तरी फ्रेंचमध्ये बोलायचीस, कुणाला तरी "सावकाश सांगा" म्हणायचीस. मग एकदम डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस आणि मराठीत विचारलंस, "अजून काही सांगायचं राहिलंय का?"

मी म्हटलं, "नाही गं. पड तू."

तू मान हलवलीस आणि पांघरुणावर बोटांनी वही मिटल्यासारखं केलंस. त्यानंतर आपण बोललो ते पाणी हवं का आणि उशी सरकवू का, एवढंच. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

मी खोटं बोललो, ताई. सांगायचं राहिलं होतं. चार वर्षं राहिलं होतं. त्या फोटोबद्दल.

पण आधी तुझ्या कामाबद्दल, कारण ते मी तुझ्या देखत कधी नीट समजून घेतलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेत मानवाधिकार अधिकारी, म्हणजे लोकांना वाटायचं की तू हेल्मेट घालून दोन फौजांच्या मधे उभी राहतेस. आईला शेवटपर्यंत वाटत होतं की तू तिकडे वकिली करतेस आणि अशिलं फी देत नाहीत. तू करायचीस ते इतकंच: जिथे काही वाईट झालंय त्या गावी जायचं, ज्यानं बघितलंय किंवा सोसलंय त्याच्यासमोर बसायचं, ऐकायचं, लिहायचं. मग लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं, चुकलंय तिथे दुरुस्त करायचं. मग विचारायचं, हे मी कुणाला सांगू शकते, तुमच्या नावानं की नावाशिवाय. आणि सगळ्यात शेवटी तो प्रश्न. "खरं ते तिथेच येतं," तू म्हणायचीस. "आता संपलं असं वाटून माणूस उठायला लागतो ना, तेव्हा."

सुटीत तू रेगेन्सबर्गच्या तुझ्या वनरूम फ्लॅटचं दार नुसतं उघडून बंद करायचीस आणि पहिल्या ट्रेननं आमच्याकडे यायचीस. दोन दिवस झोपायचीस. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात खारट ब्रेझेल-पावाला कैरीचं लोणचं लावून खात बसायचीस, आणि मी तुला छळायला सुरुवात करायचो.

"मग तुझ्या त्या जबाबांचं होतं काय?"

"रिपोर्ट होतो."

"मग?"

"रिपोर्ट वर जातो."

"मग?"

"मग तो वर गेलेला असतो."

मी म्हणायचो, आमच्या कारखान्यातल्या लाइनवर असं काही निघालं असतं, की माल आत जातो आणि बाहेर काहीच येत नाही, तर आम्ही ते स्टेशन कधीच बंद केलं असतं. तू चिडायची नाहीस. "त्या बाईचं कुणीतरी एकदा पूर्ण ऐकून घेतलं, शिऱ्या. मधे न बोलता. तुझ्यासारखं नाही." हा वाद आपला दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी मेधा चहा आणून तो मोडायची. शेवटच्या दोन वर्षांत तू वाद घालणं सोडलंस. एकदा मीच सवयीनं काढला तर म्हणालीस, "जा, बरोबर आहे तुझं. काही होत नाही." मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. तू परत भांडावंस म्हणून मी उगाच दोन-चार टोमणे मारले, पण तू खिडकीतून बघत बसलीस.

तुला ईराचा वाडगा आठवतो का? ती सहा-सात वर्षांची होती. आईनं दिलेला चिनी मातीचा निळा वाडगा फुटला आणि मी तिला समोर उभं केलं. "खेळताना तुझाच हात लागला ना?" ती म्हणाली, "इश वार्स निश्त!" मी नाही केलं म्हणून. मी परत विचारलं. परत विचारलं. शेवटी ती रडत म्हणाली, "फिलाइश्त." असेल कदाचित. आणि संध्याकाळी मेधा म्हणाली, अरे, तो मीच सकाळी ओट्याच्या कडेला ठेवला होता, खिडकी आपटली असेल.

तू मला बाल्कनीत नेऊन झापलंस. आयुष्यात मला इतकं कुणी झापलं नसेल. "'तूच केलंस ना' असं विचारायचं नसतं. काय झालं, एवढंच विचारायचं. साक्षीदाराला तू म्हणालास, गाडी निळी होती ना, की त्याला निळी गाडी दिसायला लागते. मग ती धुतली तरी जात नाही. ती खोटी असते असं नाही, त्याच्यापुरती ती खरीच होते." आणि मग म्हणालीस, "तू त्या पोरीच्या डोक्यात वाडगा फोडलायस."

ईरा आता पंधराची आहे. परवा तुझ्या आठवणी काढताना म्हणाली, आजीचा निळा वाडगा मी फोडला होता. आवाजासकट आठवतंय म्हणाली.

आता फोटो.

तू तो मला व्हॉट्सॲपवर पाठवला होतास. एका टपरीबाहेरचं लाकडी बाक. तू आणि तू जबाब घेतलेली एक बाई. तिनं तुझा चष्मा लावलाय, तो नाकावर घसरलाय आणि तुम्ही दोघी पोट धरून हसताय. तुझं इतकं मोठं हसू मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. खाली लिहिलं होतंस, "ही आमची ती. नाव सांगत नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, आता तुझे डोळे दे, बघू तुला मी कशी दिसते. फक्त तुझ्यासाठी. पुढे कुठे पाठवू नकोस." इतकं स्पष्ट. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीची स्मरणिका निघाली. तुला ठाऊक आहे, आमचं मंडळ म्हणजे सगळे इंजिनिअर. गाडी कोणती, घर कुठे, मुलगी वरच्या शाळेत, गिमनाझियुमला, गेली का. मी त्यात बारा वर्षं बसून ऐकतोय. पण शांतता मोहिमेतली बहीण कुणाला नव्हती. म्हणून मी लेख लिहिला. 'आमची ताई'. लेख बरा झाला होता, खोटं कशाला सांगू. आणि त्याला तो फोटो हवाच होता. तुझा ओळखपत्रावरचा फोटो दिला असता तर लेख मेला असता.

स्मरणिकेचं काम देवस्थळीकाकांकडे होतं. चाळीस वर्षं इथे असलेला, काकू गेल्यावर एकटा पडलेला, सगळ्यांच्या पोरांना पेढे करून खाऊ घालणारा माणूस. मी त्यांच्या घरी गेलो. ते आत चहा करत होते, मी माझा फोन त्यांच्या लॅपटॉपला जोडला आणि फोटो उतरवला. मी स्वतः. ते कप घेऊन बाहेर आले, वाकून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सुंदर आहे रे. पण या बाईंना चालेल ना?"

मी म्हटलं, "हो हो. ताईची मैत्रीणच आहे."

स्मरणिका छापली गेली, मंडळाच्या वेबसाइटवरही चढली. लोकांनी फोटो कुठे कुठे पाठवला. मला चार दिवस पाठीवर थापा मिळाल्या.

हिवाळ्यात तुझा फोन आला. मी कंपनीच्या पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडत होतो. तुझा आवाज नेहमीसारखाच होता, किंचित हळू. "शिरीष, तो फोटो वेबसाइटवर कसा गेला?"

शिऱ्या नाही, शिरीष. आणि 'तूच दिलास ना' असंही विचारलं नाहीस. कसा गेला, एवढंच. तुझ्या रीतीनं दार पूर्ण उघडं ठेवलंस, मला सरळ आत येता यावं म्हणून. आणि मी म्हटलं, "मी लेख दिला होता. फोटो... काकांनी माझ्या फोनमधून उतरवून घेतला असेल."

मग सांगितलंस. कुणीतरी त्या बाईच्या दारात येऊन मोबाइलवर तो फोटो तिला दाखवला होता. या परदेशी बाईला काय काय सांगितलंस, असं विचारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती घरात नव्हती. धाकटी मुलगी बरोबर होती की नव्हती, यावर गावात दोन मतं होती. पळाली की नेली, कुणी सांगत नव्हतं.

"फोटोमुळेच असेल असं नाही ना?" मी विचारलं.

"ते सिद्ध झालेलं नाही," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मी तिथेच, हातातली खरवडणी न ठेवता, काकांना फोन लावला. मला त्यांचं तोंड बंद करायचं होतं, तू विचारण्याआधी. मी म्हटलं, "काका, तो फोटो तुम्हीच माझ्या फोनवरून उतरवलात ना त्या दिवशी? मी चहा घेत होतो तेव्हा?"

ते गोंधळले. "मी? अरे... असेल बाबा. इतके फोटो होते सगळ्यांचे."

"तुम्हीच उतरवलात काका. तो द्यायचा नव्हता."

"अरेरे," ते म्हणाले. "गेनाऊ, बरोबर. असंच झालं असणार." अर्ध्या तासात त्यांनी वेबसाइटवरून ती स्मरणिकाच काढून टाकली. मला चार मेसेज पाठवले, तुला एक लांबलचक पत्र लिहिलं. तू उत्तर दिलं नाहीस.

पुढे त्या देशाच्या सरकारनं मोहिमेलाच जायला सांगितलं. तू म्हणायचीस, आवरायला महिने होते पण सगळं दिवसांत उरकल्यासारखं झालं. फाइली खोक्यात, खोकी विमानात, विमान मुख्यालयाकडे. तिथल्या तळघरात ती खोकी आहेत, आणि ती उघडायला कुणाला सांगितलेलं नाही. आणि ज्या गावांना तू 'परत येईन, काय झालं ते सांगेन' म्हणाली होतीस, तिथे आता कुणीच जात नाही.

तू रेगेन्सबर्गला परतलीस. जॉबसेंटरच्या बाईंनी तुला विचारलं, आधीच्या नोकरीचं त्सॉयग्निस कुठे आहे, आणि तू म्हणालीस, दप्तरच बंद झालंय, प्रमाणपत्र देणार कोण? ते तू आम्हाला नक्कल करून दाखवलंस आणि आम्ही हसलो. तुझं ते शेवटचं धड हसू. वसंतात पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं तोवर करण्यासारखं थोडंच उरलं होतं.

तुझ्याकडे सात वह्या होत्या. अधिकृत नाहीत, त्या तू दप्तरात जमा केल्या होत्यास. या तुझ्या स्वतःच्या, कुणाला काय कबूल केलं त्याच्या. मराठीत लिहिलेल्या, कारण तिथे कुणाच्या हाती लागल्या तरी वाचता येऊ नयेत. सगळ्या जगापासून सुरक्षित, फक्त माझ्यापासून नाही. मी म्हटलं, ताई, पत्रकारांना दे, कुठेतरी छापून येऊ दे.

"त्यांनी मला सांगितलंय. जगाला नाही. मोहिमेपुरती परवानगी होती."

"अगं, मोहीमच राहिली नाही!"

"म्हणूनच," तू म्हणालीस. "मी गेले की फाड. वाचू नकोस."

हॉस्पिटलात काका आले होते. हातात डबा, मुगाचं कढण. आजाऱ्याला चालतं म्हणून स्वतः केलेलं, सुंठ घातलेलं. दारातूनच म्हणाले, "ताई, येऊ का?" तू भिंतीकडे तोंड केलंस आणि मला हळूच म्हणालीस, "त्यांना जाऊ दे." मी त्यांना कॉरिडॉरमध्ये नेलं आणि म्हटलं, औषधानं झोप लागलीय. त्यांना कळलं. डबा माझ्या हातात देऊन ते लिफ्टकडे गेले. तू ते कढण तोंडाला लावलं नाहीस. मी ते बेसिनमध्ये ओतलं आणि डबा धुतला. तिथे, त्या बेसिनपाशी, मला सांगता आलं असतं. तू पाच पावलांवर होतीस.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी तू तो प्रश्न विचारलास. तू भ्रमात विचारलास की शुद्धीवर, हे मी रोज स्वतःला विचारतो. चार वर्षांपूर्वी उघडं ठेवलेलं दार बंद करण्याआधी एकदा पुन्हा उघडून बघितलंस, असं कधी वाटतं. तसं असेल तर तुला माहीत होतं. आणि माहीत असूनही तू भिंतीकडे तोंड करून त्या म्हाताऱ्याला घालवलंस, हे मला खरं वाटत नाही. म्हणजे तू माझ्यावर विश्वास ठेवलास. दोन्हीपैकी कोणतं वाईट, ते मला ठरवता येत नाही.

वह्या मी गेल्या सोमवारी कंपनीत नेल्या. आमच्याकडे नष्ट करायच्या गोपनीय कागदांची राखाडी, कुलूपबंद पेटी असते, वरती नुसती एक फट. वही पुठ्ठ्यासकट आत जाईना. प्रत्येकीचे पुठ्ठे काढून पानं सुटी करावी लागली. पाचव्या वहीवर त्या हिवाळ्याचं वर्ष होतं. त्या बाईचं पुढे काय झालं, तुला नंतर काही कळलं का, फोटोबद्दल तू काय लिहिलंस, ते सगळं माझ्या हातात होतं, तुझ्या त्या डावीकडे झुकलेल्या अक्षरात. मी ती उलटी धरली आणि पानं आत सरकवली. एक ओळही वाचली नाही.

तुझा शब्द पाळला असं मी मेधाला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. पण तुला म्हणून सांगतो, तुझ्या शब्दाचा काही संबंध नव्हता. मला भीती वाटली.

आणि काल मी काकांकडे गेलो. इतकं तरी करावं, ते अजून आहेत तोवर. त्यांनी चहा टाकला. मी त्याच टेबलापाशी बसलो आणि सगळं सांगितलं. फोटो मी उतरवला, तुम्ही चहा करत होतात, तुम्ही तर मला विचारलं होतंत, या बाईंना चालेल ना म्हणून. मीच तुमच्या गळ्यात घातलं, फोन करून.

काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"शिरीष, तू फार चांगला मुलगा आहेस. पण मला बरं वाटावं म्हणून असं सांगू नकोस."

"नाही काका, खरंच—"

"अरे, मला लख्ख आठवतंय. इथेच. तू चहा पीत होतास. तुझा फोन इथे होता, हिरव्या कव्हरचा. मी म्हटलं, हा घेऊ का? तू काहीतरी बोललास, पण मी ऐकलंच नाही, घेतला. मी रोज बघतो ते, रोज."

माझ्या फोनला हिरवं कव्हर कधीच नव्हतं, ताई. मी तसं म्हटलं. फोन काढून दाखवला. ते हसले, जसं लहान मुलाला हसतात. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जितकं सांगितलं तितकं त्यांना आणखी आठवत गेलं, खिडकीतलं ऊन, कपाचा कान तुटलेला. तू असतीस तर मला थांबवलं असतंस. मी थांबलो.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "जाताना माझ्याबद्दल काही म्हणाली का रे ती?"

मी म्हटलं, "हो. कढण आवडलं, म्हणाली."